पाण्याचं कडवं

बाई,

परवा तुमच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी मागच्या रांगेत बसलो होतो. मुख्याध्यापिका बोलल्या, तुमच्या दोन जुन्या विद्यार्थिनी बोलल्या, धुळ्याहून आलेले तुमचे भाऊ बोलता बोलता मधेच थांबले. मग कुणीतरी म्हणालं, "पाटीलभाऊ, माजी सैनिकांतर्फे तुम्ही दोन शब्द सांगा." मी उठलो, माईकपर्यंत गेलो. सतरा वर्षं फौजेत काढलेला, बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभा राहणारा माणूस मी, पण तोंडातून शब्द फुटला नाही. हात जोडले आणि जागेवर येऊन बसलो. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "राहू द्या भाऊ, पुढच्या रविवारी सांगा."

म्हणून हे लिहायला बसलोय. तुमच्या नोकरीची वर्षं, बदल्या, शाळेचे निकाल हे सगळं परवा सांगून झालं. माझ्याकडे आहेत ते रविवार.

तुम्ही बोदवडच्या कन्याशाळेत बदलून आलात ते सत्त्याऐंशीच्या सुमाराला. बँकेत खातं उघडायला आला होतात. फॉर्म भरता भरता माझ्याकडे बघितलंत आणि विचारलंत, "फौजेत होतात का?"

"हो. गाडी चालवायचो."

"लढाईत?"

"एकाहत्तरला."

"मग तुमच्याकडे गाणं असेल."

मला वाटलं, मास्तरीण जरा वेगळीच दिसते. मी म्हणालो, "बाई, मला गाता येत नाही."

"गाता येतं का, हे मी विचारलंच नाही," असं म्हणून तुम्ही फॉर्मवर सही केलीत, आणि रविवारी दहा वाजता शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात यायला सांगितलंत. जसं काही माझं नाव हजेरीपटावर आधीच होतं.

त्या पहिल्या रविवारी आम्ही तिघंच होतो. मूळचे सावद्याचे, पण बोदवडला लेकीकडे राहणारे सीताराम नाना. फौजेत ते स्वयंपाकी होते. दुसरे सुभेदार आबा, ताठ, पांढऱ्या मिशांचे, स्टेशनमागच्या गल्लीत एकटे राहणारे. आणि मी. पाचवीच्या मुलींच्या बाकांत आमचे गुडघे मावत नव्हते. तुम्ही पेटीचा भाता सोडलात आणि म्हणालात, "शौर्याचं काही सांगू नका. ते मला ठाऊक आहे, दर सव्वीस जानेवारीला ऐकते. तिथं सकाळी उठल्यावर पहिल्यांदा काय करायचात ते सांगा."

नाना हसले. म्हणाले, "सकायी? सकायी डाय चढवत होतो, बाई. तिथं बर्फात डाय शिजेच ना."

तुम्ही वही काढलीत आणि ते वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलंत. 'डाय'ची 'डाळ' केली नाहीत. दुपारपर्यंत नानांचं गाणं उभं राहिलं:

सकायी चढवली डाय, सांजलोक शिजेना,
चुल्हीपुढी बसलो तरी बोटं काही हालेना.

नाना ते तीन वेळा म्हणाले. तिसऱ्यांदा म्हणून झाल्यावर ते पुढचं सांगू लागले. त्या डाळीची वाट बघत बसलेल्या पोरांपैकी दोघं त्याच आठवड्यात बर्फाखाली गेले होते, हे तेव्हा पहिल्यांदा बाहेर आलं. वीस वर्षं नाना त्या चौकीवरच्या गमतीच सांगत आले होते. लेकीलासुद्धा गमतीच ठाऊक होत्या. तुम्ही नानांना पाणी दिलंत, वही मिटलीत, आणि त्या दिवशी पुढे काही विचारलं नाहीत.

हे सगळं तुम्ही का करता, असं मी एकदा विचारलं होतं. तुम्ही पेटी पुसत होतात. म्हणालात, "माझे काका बर्मात होते, मोठ्या लढाईत. परत आले ते ओट्यावर बसून राहायचे. काठी आपटायचे जमिनीवर, ताल धरल्यासारखी. कधी काही बोलले नाहीत. ते गेले तेव्हा घरात कुणालाच माहीत नव्हतं, ते नक्की कुठे होते आणि त्यांनी काय बघितलं." आणि पुढे म्हणालात, "वडील गिरणीत कामाला होते. संध्याकाळी वस्तीत भीमगीतं म्हणायचे. आमच्याकडे ज्याला लिहिता येत नव्हतं, तोही गाणं करायचा. काकांना कुणी विचारलंच नाही."

तुमचा नियम एकच होता. जो शब्द त्या माणसाच्या तोंडून निघाला नाही, तो गाण्यात जाणार नाही. चाल तुमची, शब्द त्याचे. कुणी 'भारतमाता' म्हणायला लागला की विचारायचात, "तिथं असं म्हणालात का तुम्ही?" तो ओशाळून मान हलवायचा. "मग काय म्हणालात?" आणि मग खरं ते यायचं. बहुतेक वेळा शिवीच यायची. तुम्ही ती शांतपणे लिहून घ्यायचात आणि तिच्या जागी तेवढ्याच मात्रांचं काहीतरी बसवायला आम्हालाच सांगायचात. वर्षभरात आम्ही तिघांचे अकरा झालो होतो.

तुमच्याकडून चूक झालीच नाही असं लिहिलं, तर तुम्हालाच पटणार नाही. सुभेदार आबांची बायको बाळंतपणात गेली, त्याची तार चौकीवर बारा दिवसांनी पोचली होती. आबांनी ती तार वाचली, खिशात ठेवली आणि गस्तीला गेले. हे त्यांनी तुम्ही, नाना आणि मी, एवढ्यांपाशीच सांगितलं होतं. गाणं फार सुंदर झालं होतं. इतकं, की तुम्हाला राहवलं नाही. पुढच्या सव्वीस जानेवारीला तुम्ही ते शाळेच्या मुलींकडून म्हणवून घेतलंत. सगळा गाव मैदानात. आबा पहिल्या रांगेत, छातीवर पदकं लावून. दुसऱ्या कडव्याला ते उठले आणि सगळ्यांच्या देखत मैदानातून बाहेर गेले.

दुसऱ्या दिवशी तुम्ही शाळेत रजा टाकलीत आणि सकाळपासून आबांच्या ओट्यावर जाऊन बसलात. दार बंद. येणारे जाणारे बघत होते, मास्तरीणबाई इथं काय करताहेत म्हणून. मी बँकेतून जेवणाच्या सुट्टीत आलो तेव्हाही तुम्ही तिथंच होतात. मी म्हणालो, "चला बाई, उद्या बघू." तुम्ही मान हलवलीत. थोड्या वेळानं दार उघडलं. तुम्ही उभ्या राहून म्हणालात, "आबा, तुम्हाला विचारलं नाही. गाणं तुमचं होतं. माझी चूक झाली." त्यात एकही कारण जोडलं नाहीत. आबांनी तुमच्याकडे बघितलं आणि दार लावून घेतलं.

दोन महिन्यांनी ते रविवारी परत आले. त्या दिवसापासून तुमचा दुसरा नियम सुरू झाला. गाणं कुणाच्या कानावर घालायचं ते ज्याचं त्यानं ठरवायचं. आणि त्या गाण्यात ज्या घरचं माणूस गेलं असेल, त्या घरी ते आधी पोचलं पाहिजे.

तो नियम माझ्यावर येऊन आदळला.

रामदास माझ्या शेजारच्या गावचा, भडगावपासून चार मैलांवर गिरणाकाठी त्याचं घर. आम्ही एकाच गाडीवर होतो. मी चालवायचो, तो शेजारी बसायचा. राजस्थानच्या वाळूत दारूगोळा पोचवत होतो, तेव्हा डाव्या चाकाखाली सुरुंग फुटला. मला खरचटलंसुद्धा नाही. रामदासच्या पोटात पत्रा घुसला. मलमपट्टी करणारा हवालदार, ज्याला आम्ही डाक्टरच म्हणायचो, येऊन बघून गेला. म्हणाला, गाडी मागवलीय. तोपर्यंत पाणी देऊ नकोस, पोटाची जखम आहे. गाडी यायला चार तास लागले. रामदास पाणी मागत होता. बाटली माझ्या हातात होती. मी दिलं नाही. गाडी आली तेव्हा तो गेला होता.

सुट्टीवर आलो तेव्हा त्याच्या आईला मी सांगितलं, "माय, लगेच गया तो. त्याले काही समजनंच नही." ती रडली, मग माझ्या पाठीवरून हात फिरवला. मला वाटलं, बरं केलं.

हे सगळं मी तुम्हाला सांगितलं त्याला पाच रविवार लागले. गाण्यात ते आमच्या अहिराणीत उतरलं:

पानी मांगे रामदास, बाटली मन्हा हातमा,
डाक्टर म्हने देऊ नको, घाव शे रे पोटमा.

लिहून झालं आणि मी म्हणालो, "हे कडवं काढून टाका, बाई."

"मग काय घालायचं?"

"हसत हसत गेला, असं घालू."

"हसत गेला का?"

मी वही ओढून घ्यायला हात पुढे केला.

"भाऊ, तुमचं गाणं आहे. वही इथं ठेवते, कुणाला दाखवायची नाही. पण हसत गेला, याला मी चाल देणार नाही." तुमचा आवाज चढला नव्हता. मीच चिडलो. म्हणालो, "तुम्हाला काय माहीत बाई, एका म्हाताऱ्या आईला असलं सांगणं काय असतं? ती अठरा वर्षं त्या आधारावर जगतेय." तुम्ही म्हणालात, "खरंय, मला नाही माहीत." आणि पेटी बंद केलीत. त्यानंतर पाच-सहा महिने माझं गाणं तसंच पडून होतं. मी रविवारी यायचो, दुसऱ्यांच्या गाण्याला टाळ धरायचो. तुम्ही एकदाही विषय काढला नाहीत. काढला असतात तर भांडून येणं बंद करायला मला बरं पडलं असतं.

मग रामदासच्या पुतण्याची चिठ्ठी आली. आजीच्या कानावर आलंय की तुम्ही काकांवर गाणं केलंय, तिला ऐकायचंय. आमच्यातल्या कुणाच्या तरी तोंडून बातमी भडगावपर्यंत गेली होती. चिठ्ठी घेऊन मी तुमच्या दारात आलो. तुम्ही वाचलीत आणि विचारलंत, "कधी निघायचं?"

"तुम्ही येणार?"

"पेटी कोण वाजवेल मग?"

बोदवडहून पॅसेंजरनं पाचोरा, तिथून बसनं भडगाव, आणि पुढे बैलगाडी. पूर्ण प्रवासात पेटी तुमच्या मांडीवर होती. मी मागितली तरी दिली नाहीत. मी वाटेत दोनदा म्हणालो, पाण्याचं कडवं सोडून म्हणतो. तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात. म्हणालात, "तिथं बसल्यावर ठरवा."

रामदासची माय खूप वाकली होती. डोळ्यांना कमी दिसत होतं. तिनं तुमचे हात चाचपले, कुठली कोण विचारलं आणि शेजारी गोधडीवर बसवून घेतलं. मी गायला लागलो. पहिली दोन कडवी झाली, आणि पाण्याच्या कडव्यापाशी मी थांबलो. तुम्ही पेटी थांबवली नाहीत. तोच एक सूर हलका धरून ठेवलात. किती वेळ, मला सांगता येणार नाही. तुम्ही माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीत. मग मी ते कडवं म्हणालो.

माय म्हणाली, "म्हंजे तो लगेच नही गया?"

"नही माय."

"किती येळ व्हता?"

"चार तास."

"मन्हा पोऱ्या चार तास जित्ता व्हता?" ती माझ्याकडे वळली. "मंग काय बोलना तो?"

मी पाण्याचं सांगायला लागलो. माफी मागत होतो बहुतेक. तिनं हात वर करून मला थांबवलं. "पानीनं जाऊ दे. डाक्टरनी ना म्हना, तू काय करशी. पन तो बोलना, ते माले अठरा साल का बरं नही सांगं?"

बाई, तोपर्यंत हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी त्या चार तासांकडे नेहमी माझ्या हातातल्या बाटलीकडूनच बघत आलो होतो. तिचा मुलगा त्या चार तासांत बोलत होता, आणि त्याचं शेवटचं बोलणं मी अठरा वर्षं माझ्यापाशी ठेवून घेतलं होतं.

"बठ्ठं सांग," ती म्हणाली. "काही सोडू नको."

मग मी सांगितलं. तो मला म्हणाला होता की तुला गाडी चालवता येत नाही, तुझ्याऐवजी बैल जुंपले असते तर बरं. ते ऐकून माय खुदकन हसली, "त्यानंच बोलनं शे ते." विहिरीच्या वाट्यावरून भावाशी भांडून आला होता, ते चुकलं म्हणाला. तांबड्या वासराचं विचारलं. आणि गाडी येण्याच्या जरा आधी घरच्या कापसाची वेचणी आठवून म्हणाला होता, "मायना कापूस येचाई गया व्हई का?"

माय त्या विचारणाऱ्याला उत्तर द्यावं तशी हळूच म्हणाली, "येचाई गयथा रे बापू. बठ्ठा येचाई गयथा."

तुम्ही तेव्हा तोंड फिरवून पदरानं डोळे पुसलेत. मी बघितलं होतं. तुमच्या डोळ्यांत पाणी मी तेवढं एकदाच पाहिलं.

त्यानंतर माय होती तोवर, चारेक वर्षं, मी दर महिन्याला तिच्याकडे जात होतो. दर वेळी ती तेच चार तास सांगायला लावायची. मधेच अडवायची, "मांगे तू दुसरं सांगेल व्हतं." सांगता सांगता मला विसरलेलं आठवायला लागलं. रामदास मला परत ओळखीचा झाला. त्याआधी तो माझ्यासाठी फक्त पाणी मागणारा माणूस होता.

माय गेल्यावर जळगावच्या रेडिओ केंद्रावरचे एक गृहस्थ आपल्याकडे आले. सगळ्यांची गाणी ध्वनिमुद्रित करायची म्हणाले. नाना तयार झाले. आबांनीसुद्धा इतक्या वर्षांनी हो म्हटलं, स्वतःच्या आवाजात. मी नाही म्हणालो.

"आता कुणासाठी लपवताय?" तुम्ही विचारलंत.

"लपवत नाही, बाई. ते गाणं एका माणसासाठी होतं. ते त्या माणसापर्यंत पोचलं."

"आणि बाकीच्या माया? 'लगेच गेला' असं किती जणींना सांगितलं असेल, भाऊ?"

तरी मी नाहीच म्हणत राहिलो. आपलं हे भांडण तीन वर्षं चाललं. मागच्या महिन्यात जळगावच्या दवाखान्यात तुम्हाला बघायला आलो तेव्हा तुमच्या आवाजात जोर नव्हता, तरी तुम्ही पहिलं तेच विचारलंत, "रेडिओवाल्यांना काय कळवलं?" मी म्हणालो, "तुम्ही बऱ्या होऊन या, मग बघू." तुम्ही हसलात. तुम्हाला ठाऊक होतं, मी वेळ मारून नेतोय.

त्यांना मी काल पत्र टाकलं. गाणं देतो म्हणून. पेटी तुमची भाची वाजवणार आहे. चाल तिला येते. पाण्याच्या कडव्याआधी किती थांबायचं, ते मात्र मला शिकवावं लागेल.

आता राहिलेलं एक सांगतो. हे मी परवा माईकवर सांगू शकलो नाही, आणि तुम्ही समोर होतात तेव्हाही नाही.

रविवारी गाणं संपलं की आपण सगळे तुमच्या घरी जायचो. तुम्ही सगळ्यांना चहा करायचात. पहिलं दीड वर्ष मी कप घेतला नाही. म्हणायचो, "आज माझा उपास आहे, बाई." पाणीसुद्धा घेत नव्हतो. फौजेत सतरा वर्षं मी एका लंगरमध्ये, एका पंगतीत सगळ्यांबरोबर जेवलो होतो. कोण कुठला, कधी मनातसुद्धा आलं नाही. गावी परत आलो आणि गावचं वागणं अंगात परत आलं. मला कुणी सांगितलं नव्हतं, तुमच्याकडे घेऊ नको म्हणून. माझं मीच करत होतो. तुम्ही दर रविवारी बरं म्हणायचात आणि पुढच्या रविवारी पुन्हा तेवढ्याच साधेपणानं विचारायचात.

भडगावहून आपण परत आलो त्या संध्याकाळी मी पेटी तुमच्या घरात ठेवली आणि दारातच उभा राहिलो. म्हणालो, "बाई, चहा मिळेल का?"

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. "आज उपास नाही वाटतं?" एवढंच म्हणालात, आणि आत जाऊन आधण ठेवलंत. त्यावर पुन्हा कधी एक शब्द बोलला नाहीत. खरं तेच बोला, असं आम्हाला शिकवणाऱ्या तुम्ही, माझं हे खोटं मात्र मला माझ्या वेळेनं सांगू द्यायला थांबला होतात. मी सात वर्षं लावली, आणि उशीर झाला.

बाई, मला एकाही रविवारी उपास नव्हता.